चिमणीला ‘चकली’ म्हणणारा मुलगा

टेबलावर चित्रांची वही उघडी होती. मी पान उलटलं, चिमणीचं चित्र आलं. समोरचा नऊ वर्षांचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “चकली.”

मागे बसलेल्या त्याच्या आईने कपाळावर हात मारला. तपासणीच्या वेळी आईवडील खोलीत नसतात, पण पोरं बुजलेली असली तर पहिली दहा मिनिटं मी आईला बसू देते. त्याची ही शिक्षा.

पुण्याच्या एखाद्या तपासनिसाने या उत्तरापुढे फुली मारली असती. ‘वस्तूचं नाव आठवण्यात अडचण’ असा शेराही कदाचित लिहिला असता. पण हा मुलगा बडोद्याचा. घर दांडिया बाजारात, आजी मराठी, शेजार गुजराती, शाळा इंग्रजी. गुजरातीत चिमणीला चकलीच म्हणतात. (आपल्या दिवाळीच्या चकलीला ते चकरी म्हणतात, हा आणखी एक घोळ.) त्याला शब्द बरोबर आठवला होता, फक्त दुसऱ्या भाषेच्या खणातून निघाला होता.

या मुलाला आपण ओम म्हणू. त्याला सहाव्या वर्षापासून फिट येतात. आजी ‘आकडी’ म्हणते, शेजारच्या काकी ‘खेंच’ म्हणतात, डॉक्टरांच्या कागदावर ‘एपिलेप्सी’ लिहिलेलं असतं. गोष्ट एकच. औषधं नीट बसल्यापासून आठ महिन्यांत एकही फिट आलेली नाही. तरी न्यूरॉलॉजिस्टने चिठ्ठी दिली: न्यूरोसायकोलॉजिकल असेसमेंट, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष, भाषा अशा मेंदूच्या कामांची तपासणी. ती मी करते. आजी मला जिन्यातच म्हणाली, “आता फिट थांबल्या ना, मग डोकं कशाला तपासायचं? वेडाबिडाचं काही आहे का?”

वेडाबिडाचं काही नाही, आजी. पण फिट थांबल्या तरी हे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जिन्यात देता येत नाही म्हणून इथे लिहिते.

एमआरआयमध्ये मेंदूचा फोटो दिसतो. कुठे व्रण आहे, कुठला भाग आकसलाय, हे कळतं. ईईजीत मेंदूतल्या विजेची नोंद होते आणि ठिणगी कुठून उडते याचा अंदाज येतो. पण बाईंनी वर्गात सांगितलेली गोष्ट ओमला अर्ध्या तासाने सांगता येईल का, फळ्यावरून उतरवताना तो मधली ओळ का गाळतो, हे या दोन्हींत दिसत नाही. घराचा नकाशा पाहिला, विजेचं मीटर वाचलं, तरी त्या घरात स्वयंपाक कसा होतो ते कळायला पाटावरच बसावं लागतं. आमची तपासणी म्हणजे ते पाटावर बसणं. सुई नाही, मशीन नाही. कागद, पेन्सिल, ठोकळे, चित्रं, स्टॉपवॉच आणि दोन-तीन तास.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना एपिलेप्सी आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. योग्य औषधं मिळाली तर त्यांतल्या 70 टक्क्यांपर्यंत लोकांच्या फिट थांबू शकतात. म्हणजे बहुतेकांचा फिटचा प्रश्न सुटण्यासारखा असतो. मात्र घरचे लोक फिटच मोजतात: महिन्यात किती, किती मिनिटं, तोंडाला फेस आला की नाही. (आणि अजूनही कुणीतरी चप्पल हुंगवायला धावतंच. त्याने काहीही होत नाही. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, आणि झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर थेट दवाखाना.) दोन फिटांच्या मधले दिवस कुणी मोजत नाही. फिट दोन मिनिटांची, आणि शाळा, हिशेब, नोकरी, भांडणं हे सगळं तर त्या मधल्या दिवसांतच चालतं.

त्या दिवसांत काय बिघडतं? कधी मुळातल्या व्रणामुळेच त्या भागाचं काम मंदावलेलं असतं. कधी बाहेर काहीच दिसत नाही पण आत ठिणग्या उडत असतात, विशेषतः झोपेत, आणि दिवसभर शिकलेलं पक्कं व्हायच्या वेळीच अडथळा येतो. काही मुलांना ‘ॲबसन्स’ प्रकारच्या फिट असतात. पाच-दहा सेकंद टक लावून पाहायचं, मग जिथे होतो तिथून पुढे सुरू. दिवसातून अनेकदा. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं ‘लक्ष नसते’ असं लिहून येतं आणि घरी मार बसतो. औषधाने या फिट थांबल्यावरही लक्ष टिकवण्याची अडचण काही मुलांत मागे राहते. ओमला न्यूरॉलॉजिस्टने पाठवलं ते याच कारणासाठी.

मग औषधं. हा विषय नाजूक, कारण ‘औषधाने मेंदू मंद होतो’ असं मी लिहिलं की कुणीतरी उद्या गोळ्या बंद करणार. तसं करू नका. एकदम गोळ्या थांबवल्या तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकतं. पण हे खरं आहे की जुन्या फेनोबार्बिटोनने काही जण सुस्तावतात, टोपिरामेटने काहींना बोलताना शब्द सापडत नाहीत, आणि लेव्हेटिरॅसिटॅमने काही मुलं चिडचिडी होतात. रावपुऱ्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या त्या ‘मला विसरायला होतं’ ही तक्रार घेऊन. तपासलं तर स्मरणशक्ती व्यवस्थित होती. एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा म्हटल्यावर मात्र सातांवर अडकल्या. “गाय, म्हैस, कुत्रा...” आणि मग नुसता हात हवेत फिरत राहिला. डोळ्यांपुढे प्राणी दिसत होता, नाव ओठांवर येत नव्हतं. त्यांचं टोपिरामेट तीन महिन्यांपूर्वी वाढवलेलं होतं. मी तसं रिपोर्टमध्ये लिहिलं, डॉक्टरांनी डोस बदलला. औषध बदलायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं, माझं काम बोट दाखवण्याचं.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगते, कारण लोकांना भीती त्याचीच असते.

एक चाचणी शब्दांच्या यादीची. खऱ्या यादीतले शब्द मी इथे देणार नाही. ते छापून आले तर उद्या आईच घरी पाठ करून घेईल आणि चाचणी वाया जाईल. समजा, यादी अशी आहे: दोरी, बैल, पाऊस, कुलूप, मामा, ताट... असे पंधरा शब्द. मी सेकंदाला एक या गतीने वाचते, मग आठवतील तेवढे सांगायचे, क्रमाची अट नाही. हीच यादी पाच वेळा. त्यानंतर एक वेगळी यादी मध्येच घुसवायची, मग पुन्हा पहिलीतले शब्द विचारायचे. मग दुसरी कामं करायची आणि वीस-तीस मिनिटांनी, आगाऊ सूचना न देता, “ती सकाळची यादी सांग बघू.”

ओमचे आकडे असे होते: पहिल्यांदा चार, मग पाच, सहा, पाच, सात. त्याच्या वयाला हे थोडं कमी आहे. पण नुसता ‘कमी’ हा शब्द काही सांगत नाही. मला दिसलं ते असं की दर वेळी तो यादीच्या शेवटच्या शब्दांपासून सुरुवात करत होता, आणि मधले शब्द त्याने ऐकलेच नसावेत असं वाटत होतं. अर्ध्या तासाने मात्र सातपैकी सातही आठवले. म्हणजे एकदा आत गेलेलं सांडत नाही, अडचण आत जाण्याच्या दारापाशी आहे. शेजारच्याच वर्गातला दुसरा एखादा मुलगा पाचव्या फेरीत तेरा शब्द सांगेल आणि अर्ध्या तासाने तीन. त्याचं दार चांगलं, कोठी गळकी. दोघांची आई एकच वाक्य बोलते: “अभ्यास लक्षात राहत नाही.” उपाय मात्र वेगळे. ओमला पहिल्या बाकावर बसवायचं, सूचना तुकड्यातुकड्याने द्यायच्या, एका वेळी एकच. दुसऱ्याला त्याच दिवशी संध्याकाळी आणि पुन्हा दोन दिवसांनी उजळणी.

अर्ध्या तासाची चाचणी सगळं पकडते असंही नाही. टेम्पोरल लोब म्हणजे कानशिलामागचा भाग. तिथली एपिलेप्सी असलेले काही मोठे लोक आमच्या खोलीत उत्तम मार्क मिळवतात, आणि दोन-तीन आठवड्यांत तीच गोष्ट पार पुसली जाते. बायको म्हणते, “गेल्या महिन्यात भाच्याच्या मुंजीला गेलो होतो, यांना आठवतच नाही.” अशा वेळी घरच्यांचं म्हणणं चाचणीच्या आकड्यापेक्षा खरं धरावं, असं माझं मत. जमलं तर काही दिवसांनी फोन करून तीच यादी पुन्हा विचारायची.

बाकीच्या चाचण्या पटकन सांगते. आकडे ऐकून तसेच आणि मग उलटे म्हणायचे. कागदावर विखुरलेले अंक क्रमाने रेघेने जोडायचे, मग एक अंक एक अक्षर असे आलटून पालटून. रंगीत ठोकळ्यांनी नमुना जुळवायचा. गुंतागुंतीची आकृती पाहून काढायची आणि नंतर न पाहता काढायची. छिद्रांत खुंट्या बसवायच्या, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. शेवटची चाचणी पोरांना आवडते, मला कंटाळवाणी वाटते. पण एक हात दुसऱ्यापेक्षा खूपच मागे पडला तर मेंदूच्या विरुद्ध बाजूकडे पाहायचं सुचतं. शिवाय मूड आणि झोप यांबद्दलचे प्रश्न. एपिलेप्सी असलेल्यांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते, आणि खचलेला माणूस स्मरणशक्तीच्या चाचणीतही मागे पडतो. ते आधी न विचारता स्मृतीवर शेरा मारणं म्हणजे चुलीत लाकूड ओलं आहे हे न बघता भाताला दोष देणं.

भाषेचा प्रश्न आमच्या बडोद्यात फार येतो, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. शंभरातून सात वजा करत जा, ही साधी चाचणी. ओमला मी मराठीत विचारलं. शंभर, मग बराच वेळ गप्प, मग “त्र्याण्णव का त्रेसष्ट?” पुढे एकोणऐंशीला तो पूर्णच बसला. इंग्रजीत विचारलं तेव्हा एक-दोन अडखळण्यांत खाली दोनपर्यंत पोचला. वजाबाकी येते, ‘एकोणऐंशी’ येत नाही. शाळेत गणित इंग्रजीत, तर आकड्यांची चाचणी इंग्रजीत. गोष्ट ऐकून सांगायची असेल तर आजीच्या भाषेत. नावं सांगताना तिन्ही भाषा चालतील, पण कुठल्या भाषेतून काय आलं ते नोंदवायचं. हे सगळं करायला वेळ लागतो. ‘एका तासात आयक्यू’ असं सांगणाऱ्याकडे हा वेळ नसतो.

आणि तुलना कुणाशी करायची? हा या शास्त्रातला खरा अवघड भाग. सात शब्द कमी की जास्त, हे त्याच वयाच्या, तशाच शाळेत गेलेल्या, तशीच भाषा बोलणाऱ्या मुलांचे आकडे हाताशी असले तरच सांगता येतं. मराठीपुरतं बोलायचं तर व्ही. व्ही. कामत यांनी 1934 साली बिने ही बुद्धिमापनाची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. त्या काळात हे केवढं काम! पण आजच्या मुलाला नव्वद वर्षांपूर्वीच्या मुलांच्या रांगेत उभं केलं की त्याचा आयक्यू उगाच फुगलेला येऊ शकतो. वेक्स्लरची मुलांची बुद्धिमापन चाचणी भारतासाठी बसवली ती नागपूरच्या डॉ. मालिन यांनी, 1969 मध्ये. मोठ्यांसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची 2004 ची चाचणीमाला आहे. तिचं मोठं वैशिष्ट्य असं की शाळेत न गेलेल्या लोकांचेही वेगळे निकष तिच्यात आहेत. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या, सही न येणाऱ्या एखाद्या मावशींना कॉलेज शिकलेल्यांच्या पट्टीने मोजावं लागत नाही.

आणि लहान बाळांचं म्हणाल तर मान बडोद्याचा. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी बेली या अमेरिकन चाचणीवरून भारतीय बाळांसाठी निकष तयार केले. 1970 ची ही चाचणी, ‘डॅसी’ या नावाने देशभर ओळखली जाते. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंत, हालचालींचे 67 आणि समजेचे 163 मुद्दे. बाळाला आकडी येऊन गेली आणि वाढ वेळेवर होतेय का अशी शंका असली की दिल्ली-चेन्नईतही ही पेटी उघडतात. कमाटीबागेत संध्याकाळी खेळणाऱ्या कितीतरी पोरांच्या आज्यांना माहीतही नसेल की हे काम त्यांच्या दारातलं आहे.

या तपासणीची सर्वांत जास्त गरज पडते ती ऑपरेशनच्या आधी. दोन योग्य औषधं पुरेशा डोसने देऊनही फिट थांबत नसतील तर एपिलेप्सीला ‘औषधाला न जुमानणारी’ म्हणतात, आणि काहींना ठिणगीची जागा काढून टाकण्याचा मार्ग खुला असतो. प्रश्न असा की त्या जागेबरोबर आणखी काय जाणार?

याचं उत्तर वैद्यकाला फार महागात मिळालं. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाच्या 27 वर्षांच्या तरुणावर ऑपरेशन झालं. फिट आवरेनात म्हणून त्याच्या दोन्ही कानशिलांच्या आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या (नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या भागाच्या) बऱ्याच हिश्श्यासह, काढला. फिट खूप कमी झाल्या. पण त्यानंतर नवीन काहीही त्याच्या लक्षात राहिना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याला तपासायला जात, आणि दर वेळी तो त्यांना प्रथमच भेटत असे. त्यांनी त्याला आरशात बघून ताऱ्याच्या आकृतीवर पेन्सिल फिरवायला लावलं. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला, पण आपण हे आधी केलंय याचा त्याला पत्ता नव्हता. हाताची आठवण वेगळ्या जागी, प्रसंगांची वेगळ्या जागी, हे जगाला त्याच्याकडून कळलं. 2008 मध्ये तो गेला, तोवर पुस्तकांत त्याचं नाव नुसतं ‘एच. एम.’ असं छापत.

तेव्हापासून असं ऑपरेशन एकाच बाजूला करतात, आणि उरलेली बाजू भार पेलेल का ते आधी तपासतात. बहुतेकांची भाषा डाव्या अर्ध्यात असते, म्हणून डाव्या बाजूच्या ऑपरेशनमध्ये शब्दांच्या आठवणीला धोका जास्त. इथे एक उलटी गोष्ट आहे, ती समजावताना मला दर वेळी त्रास होतो. ज्याची स्मरणशक्ती ऑपरेशनआधी चांगली आहे, त्याचंच नुकसान जास्त व्हायची शक्यता असते. व्रण पडलेला भाग आधीच काम करत नसेल तर तो काढल्याने फारसं काही जात नाही, पण तो अजून कामाचा असेल तर कामाचा कारागीरच घरातून जातो. त्यामुळे ‘तुमचे मार्क छान आलेत’ हे वाक्य या एका ठिकाणी मी हसून सांगू शकत नाही. भाषेची बाजू नक्की करायला जुह्न वाडा यांची 1949 पासूनची युक्ती होती: मानेतल्या धमनीतून गुंगीचं औषध सोडून मेंदूचा एक अर्धा काही मिनिटं झोपवायचा आणि दुसऱ्या अर्ध्याला बोलतं करायचं. आता पुष्कळ ठिकाणी हे काम फंक्शनल एमआरआयवर, म्हणजे बोलताना मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते दाखवणाऱ्या एमआरआयवर, भागतं.

रिपोर्ट हातात आला की घरोघरी एकच गडबड होते. ओमच्या आजीने चष्मा लावून वाचलं, “तीस? म्हणजे नापास?” तिथे लिहिलं होतं तिसावा पर्सेंटाइल. ते टक्के नव्हेत. ओमच्या वयाची शंभर मुलं रांगेत उभी केली तर साधारण तीस त्याच्या मागे, बाकीची पुढे. पंचवीस ते पंच्याहत्तरच्या मध्ये कुठेही असलं तर ते चारचौघांसारखंच. आयक्यूचंही तसंच: सरासरी 100, आणि दर तिघांतले दोघे 85 ते 115 च्या दरम्यान. शिवाय एका आकड्याने काही ठरत नाही. ओमचा शब्दांचा आकडा तिसावा, ठोकळ्यांचा ऐंशीवा आणि लक्ष टिकवण्याचा सहावा. हे सगळं घोटून एक आयक्यू काढला तर तो ‘सर्वसाधारण’ येतो आणि शाळा म्हणते, मग अडचण काय आहे?

काही घरं हा रिपोर्ट कपाटात दडवतात, विशेषतः मुलगी लग्नाची असली की. विवाह रद्द ठरवायच्या कारणांत ‘अपस्मार’ हा शब्द हिंदू विवाह कायद्यात होता, तो 1999 साली काढून टाकला गेला. कायद्यातून गेला, स्थळं बघायला येणाऱ्यांच्या डोक्यातून जायचा आहे.

तपासणीला येणार असाल तर थोडं लक्षात ठेवा. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का ते विचारा, नंबर मागा, त्यात संकोच नको. आदल्या दिवशी फिट आली असेल तर फोन करून तारीख पुढे ढकला. गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या आणि त्यांची पाकिटं घेऊन या. मुलाच्या वह्या आणा, निकालापेक्षा वहीच्या कडेच्या खाडाखोडी मला जास्त सांगतात. चष्मा आणि कानाचं यंत्र विसरू नका. एका आजोबांची ‘आकृती ओळखण्यात गंभीर अडचण’ मी चाळीस मिनिटं गंभीरपणे लिहीत होते, आणि चष्मा त्यांच्या मुलाच्या खिशात होता. पुन्हा तपासायचं तर सहा महिने ते वर्षभराने, दुसरी यादी वापरून, नाहीतर सुधारणा झाली की नुसतं पाठ झालं ते कळत नाही.

आणि सकाळी पोटभर खाऊन या. पण शेव-उसळ नको. ती खाऊन आलेला बडोदेकर अकरा वाजता उलटे आकडे म्हणू शकत नाही, आणि त्याचे निकष अजून कुणी काढलेले नाहीत.